सगळ्यांच्या मालकीचा काठ

संध्याकाळचे पाच-सहा वाजले की मॉन्टेव्हिडिओ शहर पाण्याकडे निघतं. कुणाच्या काखेत थर्मास असतो, कुणाच्या हातात घडीची खुर्ची, कुणाच्या खांद्यावर मासे धरायचा गळ. काठाने गुलाबी ग्रॅनाइटचा बुटका कठडा आहे. त्यावर बसायला तिकीट लागत नाही, की कुठल्या हॉटेलाचं गिऱ्हाईक व्हावं लागत नाही. माणसं येतात, पाण्याकडे तोंड करून बसतात आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहतात.

उरुग्वेची ही राजधानी बरेच प्रवासी ब्युनॉस आयर्सहून एका दिवसाची सहल म्हणून उरकतात. मला हे फार चुकीचं वाटतं. इथे ‘पाहायलाच हव्यात’ अशा जागांची यादी छोटी आहे, पण निवांतपणा कसा घडतो हे समजून घ्यायचं तर याच्याइतकं चांगलं शहर मला माहीत नाही. त्यातला निसर्गाने दिलेला भाग थोडा. उरलेला कायदे करून, भराव टाकून आणि प्रसंगी लढून मिळवलेला आहे.

आधी पाण्याविषयी, कारण पहिल्यांदा गेलेला माणूस तिथेच गोंधळतो. समोर क्षितिजापर्यंत पाणी, लाटा, वाळू, उन्हात पडलेली माणसं, सगळं समुद्रासारखं. पण ही आहे रिओ दे ला प्लाता, म्हणजे पाराना आणि उरुग्वे या दोन मोठ्या नद्यांचं अवाढव्य मुख. अटलांटिकला मिळते तिथे तिची रुंदी सुमारे २२० किलोमीटर भरते. १५१६ मध्ये हुआन दियास दे सोलिस हा स्पॅनिश खलाशी इथे शिरला तेव्हा त्याने याला गोडा समुद्र असंच नाव दिलं होतं. मॉन्टेव्हिडिओ नेमकं अशा जागी वसलेलं आहे, जिथे नदी आणि महासागर यांची रोजची ओढाताण चालते. वरच्या भागात पाऊस भरपूर झाला की पाराना गाळ घेऊन येते आणि पाणी तपकिरी, जवळपास गोडं होतं. नदी आटली आणि वारा समुद्राकडून लागला की तेच पाणी हिरवट आणि खारट होतं. एकाच किनाऱ्यावर एकाच आठवड्यात दोन्ही पाहायला मिळू शकतं. स्थानिक लोक सकाळी पाण्याच्या रंगावरूनच ठरवतात, पोहायला जायचं की नुसतं बसायचं.

वाऱ्यांनाही इथे नावं आहेत. नैर्ऋत्येकडून, पाम्पा नावाच्या गवताळ मैदानांवरून येणारा थंड कोरडा ‘पाम्पेरो’ आभाळ स्वच्छ करतो. आग्नेयेकडून येणारी ‘सुदेस्तादा’ मात्र दिवसदिवस पाऊस आणते आणि नदीचं पाणी काठावर चढवते. अशा पावसाळी दिवशी घरोघरी ‘तोर्ता फ्रिता’ तळतात. ही गव्हाच्या पिठाची, चरबी घालून मळलेली गोल पुरी. आभाळ भरून आलं की रस्त्यावरही तिच्या गाड्या लागतात.

आता तो काठ. त्याला तिथे ‘रांब्ला’ म्हणतात. बंदरापासून पूर्वेकडे सुमारे २२ किलोमीटर पाण्याला लागून रुंद पदपथ, त्याच्यामागे रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे इमारती. हा क्रमच महत्त्वाचा आहे. बंदराचा भाग आणि काही बोटक्लब सोडले तर पाणी आणि नागरिक यांच्यामध्ये कुणाची खाजगी भिंत येत नाही. पोसितोससारख्या श्रीमंत वस्तीत काठाने उंच इमारतींची रांगच रांग आहे, पण त्यांच्या पायाशी असलेली वाळू इमारतवाल्यांची नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाहून बसने आलेल्या कुटुंबाचा तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

हे आपोआप झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या शहराच्या दक्षिण काठावर ‘बाहो’ नावाची खालच्या अंगाची वस्ती होती. खलाशांच्या खानावळी, दारूचे अड्डे, वेश्यावस्ती, गरिबांची दाटीवाटीची घरं. १९२० च्या दशकात तिथला काठ सरळ करून, भराव टाकून समुद्ररस्ता काढायचं काम सुरू झालं. १९२३ च्या जुलैतल्या वादळाने किनाऱ्यावरची बांधकामं मोडली, पण काम थांबलं नाही. हुआन फाबिनी या अभियंत्याने ते नेटाने पुढे नेलं आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दक्षिण रांब्ला उभी राहिली. त्यासाठी बाहो वस्ती जमीनदोस्त झाली. काठावरचं इंग्रजांचं जुनं चर्चसुद्धा पाडून थोडं आत पुन्हा बांधावं लागलं. सगळ्यांसाठी मोकळा झालेला हा काठ काही लोकांच्या डोक्यावरचं छप्पर काढून झाला आहे, आणि त्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

रांब्ला एकच असली तरी तिचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात: फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, अर्जेंटिना, पेरू, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन. पुंता कार्रेतासच्या दीपगृहाकडून पोसितोसकडे चालत निघालं की पाटी दिसते ‘रांब्ला महात्मा गांधी’. भारतापासून इतक्या दूर, संध्याकाळी फिरायला निघालेल्या लोकांच्या पत्त्यात हे नाव रोज येतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण नुसता काठ मोकळा असून भागत नाही. तिथे येऊन बसायला माणसाकडे वेळही हवा. तो वेळ कुठून आला हे शोधायला गेलं की होसे बाट्ये या नावापाशी पोचतो. १९०३ ते १९०७ आणि १९११ ते १९१५ असे दोनदा ते अध्यक्ष होते. त्यांच्या काळात उरुग्वे हा गुरांचे कळप आणि यादवी युद्धं यांचा देश होता. आजही माणसांची संख्या सुमारे ३५ लाख, तर गुरं कोटीच्या वर. अशा देशात दिवसाला आठ तासच काम असावं असा कायदा बाट्ये यांनी पुढे आणला आणि मालकवर्गाच्या विरोधातून वाट काढत तो अखेर १७ नोव्हेंबर १९१५ रोजी मंजूर झाला. जगातल्या पुष्कळ श्रीमंत देशांत तेव्हा असा सर्वसाधारण कायदा नव्हता. गोदीतला हमाल, कारखान्यातला कामगार, दुकानातला नोकर यांच्या दिवसाला प्रथमच संध्याकाळ आली. रांब्ला बांधायला घेतली त्याच्या थोडीच वर्षं आधीची ही गोष्ट आहे. मला हे दोन निर्णय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

त्याच पिढीने धर्मसंस्था आणि सरकार यांची फारकत केली. नवी राज्यघटना १९१९ मध्ये अमलात आली आणि त्याच वर्षी सुट्ट्यांची नावं बदलणारा कायदा झाला. नाताळ झाला ‘कुटुंबाचा दिवस’. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह झाला ‘पर्यटन सप्ताह’, आणि त्या आठवड्यात देश खरोखरच सहलीला निघतो किंवा प्रादो भागात गाउचो घोडेस्वारांचे खेळ बघायला जमतो. ८ डिसेंबरचा मेरीमातेचा सण झाला ‘किनाऱ्यांचा दिवस’. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, त्यामुळे पोहण्याचा हंगाम त्या दिवसापासून धरायची रूढी पडली. श्रद्धाळू लोक आपापला सण पाळतातच. सरकारने फक्त एवढंच ठरवलं की सुट्टी सगळ्यांची असेल आणि ती कशी घालवायची हे ज्याचं त्याने बघावं.

रांब्लेवरच्या संध्याकाळी हातात काय असतं, तर माते. येर्बा नावाच्या झाडाची वाळवून भरडलेली पानं वाळलेल्या भोपळ्याच्या तुंबीत दोन तृतीयांश भरतात, एका बाजूला कलती करतात, कोमट पाण्याने भिजवतात आणि खाली गाळणी असलेली धातूची नळी खोचतात. मग थर्मासातलं गरम, पण न उकळलेलं पाणी थोडं थोडं ओतत जायचं. चव कडू, धुराचा किंचित वास, आणि कॅफीन असल्याने तरतरी येते. उरुग्वेचे लोक दरडोई जगात सर्वांत जास्त येर्बा पितात, आणि गंमत म्हणजे ती त्यांच्याकडे फारशी पिकत नाही. बहुतेक ब्राझीलहून येते.

माते पिण्याचे काही नियम आहेत. ओतणारा एकच असतो आणि पहिली, सर्वांत कडू तुंबी तो स्वतः पितो. मग ती एकेकाकडे फिरते. प्रत्येकाने पूर्ण संपवून परत द्यायची, नळी ढवळायची नाही. परत देताना आभार मानले तर आता पुरे असा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. त्यामुळे नवख्या पाहुण्याने सौजन्य जरा आवरतं घ्यावं. पाणी फार कढत नसावं, याला आरोग्याचंही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेला बहुधा घातक ठरवली. मातेच्या पानांवर तिने तसा ठपका ठेवला नाही, ठेवला तो तापमानावर.

जुनं शहर, सियुदाद व्हिएहा, एका सकाळीत पायी बघून होतं. पोर्तुगिजांना अटकाव करायला ब्रुनो दे साबाला या स्पॅनिश गव्हर्नराने १७२४ नंतर हे ठाणं वसवलं. तटबंदी स्वातंत्र्यानंतर पाडली, तिचा एक दरवाजा चौकात उभा आहे. त्याच चौकात १९२८ चा पलासिओ साल्व्हो हा मनोऱ्याचा विचित्र, देखणा वाडा आहे. त्या जागी पूर्वी ला हिराल्दा नावाचं कॅफे होतं आणि तिथे ‘ला कुम्पार्सिता’ ही टँगोची जगप्रसिद्ध धून प्रथम वाजली. ती रचणारा हेरार्दो मातोस रोद्रिगेस तेव्हा वास्तुकलेचा विद्यार्थी होता. जवळच १८५६ चं सोलिस नाट्यगृह आहे, आणि १८७७ पासून चालू असलेलं कॅफे ब्रासिलेरो, जिथे लेखक एदुआर्दो गालेआनो नेहमी बसत.

जेवायला बंदराजवळचा १८६८ चा बाजार. लोखंडी सांगाड्याखाली लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या भट्ट्या रांगेने धगधगत असतात. शाकाहारी माणसाने मात्र निराश होऊ नये. इटालियन स्थलांतरितांनी इथे पिझ्झा, पास्ता आणि ‘फाइना’ आणली आहे. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची, मिरपूड भुरभुरलेली, भट्टीत भाजलेली जाडसर पोळी. महिन्याच्या २९ तारखेला बटाट्याचे न्योकी खायची आणि ताटाखाली नाणं किंवा नोट ठेवायची पद्धत आहे, पुढचा महिना बरकतीचा जावा म्हणून. रविवारी सकाळी त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरचा बाजार चुकवू नये. भाजीपासून जुन्या पुस्तकांपर्यंत, गंजलेल्या किल्ल्यांपासून पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपर्यंत तिथे काहीही मिळतं.

फुटबॉलप्रेमी असाल तर एस्तादिओ सेन्तेनारिओ बघाच. देशाच्या पहिल्या राज्यघटनेच्या शताब्दीला, १८ जुलै १९३० रोजी ते खुलं झालं आणि ३० जुलैला तिथेच पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. कुणाचा चेंडू वापरायचा यावर एकमत होईना, म्हणून पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळले. पूर्वार्धाअखेर २-१ ने मागे असलेलं उरुग्वे ४-२ ने जिंकलं.

पुंता कार्रेतासमध्ये एक झगमगीत मॉल आहे. आत शिरण्यापूर्वी त्याच्या दर्शनी भागाकडे नीट पाहावं. ते जुन्या तुरुंगाचं प्रवेशद्वार आहे. १९७१ च्या सप्टेंबरात तुपामारो या डाव्या सशस्त्र संघटनेचे कैदी आणि इतर काही मिळून १११ जण इथून भुयार खणून निसटले. त्यांत पुढे देशाचा अध्यक्ष झालेला होसे मुहिका होता. १९७३ मध्ये लष्कराच्या साथीने हुकूमशाही आली आणि १९८५ पर्यंत टिकली. त्या बारा वर्षांतही मॉन्टेव्हिडिओ शांत होतं, पण ती शांतता भीतीची होती. हजारोंना तुरुंगात डांबलं, छळलं, अनेकांना नाहीसं केलं. १९८० मध्ये लष्कराने आपली राजवट घटनेत बसवण्यासाठी सार्वमत घेतलं, आणि सगळी प्रचारयंत्रणा हाताशी असूनही ते हरलं. ५७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नकार दिला. हुकूमशहांनी स्वतः भरवलेल्या मतदानात त्यांना हरवण्याची उदाहरणं जगात मोजकीच असतील.

१९९६ पासून दरवर्षी २० मे रोजी शहराच्या मुख्य हमरस्त्यावरून ‘मौन मोर्चा’ निघतो. १९७६ मध्ये याच तारखेला सेल्मार मिचेलिनी आणि हेक्तोर गुतियेरेस रुईस या संसदपटूंची ब्युनॉस आयर्समध्ये हत्या झाली होती. हजारो माणसं बेपत्ता झालेल्यांची छायाचित्रं घेऊन, घोषणा न देता चालतात. शेवटी एकेक नाव पुकारलं जातं आणि गर्दी त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणते. रांब्लेवरच्या निवांतपणाला मी इतकं मोल देतो त्याचं हे एक कारण. एकदा हिरावला गेलेला तो परत मिळवलेला आहे.

या शहराला आदर्श मानून बसू नये. उरुग्वेत २०२१ पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आहेत, तरुण पिढीतले बरेच जण परदेशी गेले, आणि शहराच्या शांततेतला काही अंश रित्या झालेल्या घरांचाही आहे. महागाई बरीच आहे, आणि जुन्या शहरात रात्री एकट्याने भटकणं टाळलेलं बरं. पाण्याचंही तसंच. २००४ मध्ये लोकांनी सार्वमताने पाणी हा मानवी हक्क म्हणून घटनेत लिहिला. तरीही २०२३ च्या दुष्काळात शहराला पाणी पुरवणारा पासो सेव्हेरिनो जलाशय जवळजवळ आटला आणि कित्येक आठवडे नळांना नदीमुखाचं खारट पाणी मिसळून द्यावं लागलं. उन्हाळ्यात खतांच्या अंशांवर पोसलेलं नील-हरित शेवाळ किनाऱ्यावर येतं. २०१९ मध्ये ते फारच आलं होतं. लाल कापडावर हिरवी फुली असलेला झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. जानेवारीत सरासरी तापमान २३ अंशांच्या आसपास असतं आणि सूर्य आठच्या सुमारास मावळतो. दुपारी तो उत्तरेकडे असतो, हे ध्यानात ठेवलं नाही तर सावलीचा हिशेब चुकतो. भारतातून थेट विमान नाही. साओ पावलो किंवा युरोपमार्गे जावं लागतं, नाहीतर ब्युनॉस आयर्सहून बोटीने. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००२ मध्ये इथे केंद्र काढलं, त्याचं एक कारण हे घड्याळच होतं: अमेरिकेतल्या ग्राहकांच्या कामाच्या वेळेत इथेही दिवस असतो. तेव्हापासून भारतीय अभियंते या शहरात येत-जात राहिले आहेत.

आणि रविवार मात्र राखून ठेवावा, कारण हे निवांत शहर त्या दिवशी घुमतं. १७९१ मध्ये स्पॅनिश राजाने मॉन्टेव्हिडिओला या प्रदेशातलं गुलामांचं अधिकृत बंदर केलं होतं. त्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी जपलेलं ढोलवादन म्हणजे कांदोम्बे, २००९ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत असलेलं. तीन आकारांचे ढोल असतात. लहान ‘चिको’ न थकता एकच ठेका धरतो, मोठा ‘पियानो’ खालचा घुमारा देतो, मधला ‘रेपिके’ त्यांच्यामध्ये मनासारखा खेळतो. ढोल खांद्याला अडकवलेला, एका हातात काठी, दुसऱ्याचा उघडा तळवा. हुकूमशाहीने १९७८ च्या डिसेंबरात ‘मेदिओ मुन्दो’ ही बार्रिओ सूरमधली कृष्णवर्णीयांची चाळ रिकामी करून पाडली. रहिवाशांनी तिथे शेवटचं ढोलवादन केलं तो ३ डिसेंबर आता कांदोम्बेचा राष्ट्रीय दिवस आहे. फेब्रुवारीत इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर मोठी मिरवणूक निघते, तिच्यासाठी जागा आधी धरावी लागते. पण बार्रिओ सूर आणि पालेर्मो वस्त्यांत एरवीही रविवारी संध्याकाळी नाक्यावर शेकोटी पेटते, आपल्याकडे हलगी शेकतात तसे ढोल आचेला धरून चामडं ताणून घेतात, आणि सुरात आले की टोळी चालायला लागते. शेजारपाजारचे लोक दारातून उतरून मागे लागतात, पोरं, म्हातारे, कुत्रीसुद्धा. परक्या माणसानेही खुशाल त्यांच्यामागे चालावं, कुणी विचारत नाही.